पाव फेरा

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या दांड्यात अडकवलेला बोल्ट काढण्यात आला. तो ओनिटा टॅकेट यांनी काढला, घरून आणलेल्या पान्याने. त्यांचे वय एकोणऐंशी. बोल्ट त्यांनी काउंटरवर ठेवला आणि माझ्या पेटीत नऊ पौंड तंबाखूची पाने रचायला घेतली.

मित्रांनो, मी एक जुने दाबयंत्र आहे. सिनसिनाटीच्या ओतशाळेत १९१९ साली माझा जन्म झाला. बोटीने ओहायो नदीतून मला मेझव्हिल गावी आणले आणि टॅकेटांच्या कारखान्यात मधल्या वाटेवरच उभे केले. माझी पेटी ओकच्या लाकडाची आहे, मळसूत्र लोखंडाचे आणि वर आडवा दांडा. दांडा फिरवला की फळी खाली उतरते व पेटीतली पाने दाबली जाऊन त्यांची वडी होते. वडीचे काप करून ते डब्यात भरत. त्या पाइपच्या तंबाखूचे नाव ‘सिकमोर फेरी’.

तंबाखू चांगली असे मी तुम्हांला सांगणार नाही. व्हर्लिन टॅकेट यांच्या छातीतली घरघर मी रोज ऐकली आहे. मी फक्त कामाबद्दल बोलते आहे एवढे धरून चला. व्हर्लिन हे ओनिटांचे थोरले भाऊ. पानांचे मिश्रण ते करत आणि दाबाची खोली ओनिटा सांभाळत.

पाने दाबली की खाली बसतात, आणि बसली की दाब ढिला पडतो. म्हणून थोडे दाबायचे, पानांना बसू द्यायचे, पुन्हा थोडे दाबायचे. यासाठी कारखान्यात एक रीत होती. माझ्याजवळून रिकाम्या हाताने जो जाईल त्याने दांड्याला पाव फेरा द्यायचा. कामगार देत, टपालवाला देई. रविवारी चर्चहून परतताना पाद्रीसुद्धा मागच्या दाराने आत येऊन देऊन जात. कोणी विसरला, तर ओनिटा खोलीतूनच विचारत, “काय रे, मनगट घरी ठेवून आलास का?” तीन दिवसांत दीडशेच्या आसपास फेरे होत. कोणी मोजले नाहीत. मी मोजले.

त्या वडीचे कौतुक पार सस्कॅचेवानपर्यंत होते. पत्रे येत. व्हर्लिन ती भिंतीला टाचत आणि वर म्हणत, “यातल्या एकानंही दाबयंत्राला नमस्कार सांगितलेला नाही.” मला त्याचे वाईट वाटत नसे. हात येत होते तोवर मला पत्रांची गरज नव्हती.

कारखाना २००३ साली बंद पडला. ‘सिकमोर फेरी’ बाजारातून गेली. मी एका कोठारात गेले आणि माझ्या फळीवर कोंबड्या बसू लागल्या.

एकोणीस वर्षांनी कोलंबस शहरातल्या एका कंपनीने ते नाव विकत घेतले. नावाबरोबर डब्यावरचे चित्र घेतले, व्हर्लिन यांच्या हस्ताक्षरातले कृतीचे कार्ड घेतले, आणि शोभेसाठी मला. कार्डावर पानांची प्रमाणे अचूक आहेत. शेवटी लिहिले आहे, ‘तीन दिवस दाबात.’ पाव फेऱ्याचा उल्लेख नाही. व्हर्लिन यांची चूक झाली ती एवढीच. पण जेवावे कसे हे लिहून देताना तोंड उघडा असे कोण लिहितो?

कंपनीने नवे यंत्र आणले. ते एकदाच पूर्ण जोराने दाबते आणि तीन दिवस तसेच राहते. जवळून कोणी जात नाही. मला सेकंड स्ट्रीटवरच्या कंपनीच्या दुकानात खिडकीशी ठेवले, पॉलिश केले आणि कोणाचे बोट चेंगरू नये म्हणून दांड्यात बोल्ट घातला. नव्या डब्याच्या झाकणावर नव्या कंपनीची मुद्रा आहे. तिच्याखाली माझे चित्र, आणि चित्राखाली ओळ: ‘व्हर्लिन टॅकेट यांची मूळ वडी.’

पहिला डबा उघडायला व्हर्लिन यांना वृद्धाश्रमातून चाकांच्या खुर्चीत आणले होते. त्यांचे वय शहाऐंशी. त्यांनी एक काप बोटांत धरला. त्याचा भुगा झाला. त्यांनी तो हुंगला आणि दुकान सांभाळणाऱ्या ग्रेडन फॉसकडे पाहिले.

“पानं आमची आहेत,” ते म्हणाले. “वडी आमची नाही. नीट करा, नाहीतर माझं नाव काढा.”

ओनिटा दुसऱ्या दिवशी ग्रेडनला भेटल्या आणि पाव फेऱ्याची रीत पहिल्यापासून सांगितली. तो तिशीचा, सभ्य माणूस आहे. त्याने सगळे लिहून घेतले. तीन आठवड्यांनी त्याचे छापील पत्रक आले. पाव फेऱ्याची हकीकत, पाद्रींसकट, फार छान शब्दांत मांडलेली. प्रत्येक डब्यात एक पत्रक. यंत्र तेच, दाब तोच, वडी तीच. गिऱ्हाइके ते पत्रक वाचत माझ्यासमोर उभी राहतात, फोटो काढतात, आणि मी दांडा अडकलेल्या अवस्थेत त्यांच्याकडे बघत राहते. मला ओरडता येत नाही ही माझ्या घडणीतली खोट आहे.

दुसरी खेप बुधवारी डब्यांत भरली जाणार आहे. म्हणून शनिवारी ओनिटा पाना आणि पाने घेऊन आल्या. गिऱ्हाइकांना गंमत दाखवायची आहे अशा समजुतीने ग्रेडनने परवानगी दिली.

“मिस ओनिटा, बारा वाजता आवरू ना?” त्याने विचारले.

“मंगळवारी, दहा वाजून दहा मिनिटांनी. तीन दिवस. तुझ्याच कार्डावर आहे.”

“आणि तोवर दांडा कोण फिरवणार?”

“दारातून येईल तो. तुझे हात तर दिवसभर रिकामेच असतात, मी पाहिलंय.”

तो हसला. मग म्हणाला की झाकणे चार हजार छापून झाली आहेत, नाव आता कसे काढणार?

“म्हणून तर वडी नीट करू या म्हणते,” ओनिटा म्हणाल्या. “मंगळवारी व्हर्लिनपुढे दोन्ही ठेवू. तुझी आणि ही. तो सांगेल ते तुझ्या साहेबांना कळव.”

शनिवारी पाच वाजेपर्यंत अठ्ठेचाळीस फेरे झाले. एकोणीस वर्षांच्या कोठारानंतर आणि बोल्टानंतर मळसूत्र प्रथम कुरकुरले, मग सुरळीत चालले. पाने बसू लागली. वास बरोबर येत होता. ग्रेडनने स्वतः चार फेरे दिले. त्यांतला चौथा फोनवर बोलता बोलता, नकळत.

रविवारी दुकान बंद. ओनिटांनी किल्ली मागितली होती. किल्ली बाहेरच्या माणसाला देण्याचा नियम नाही, असे उत्तर मिळाले. चर्च सुटल्यावर त्या आल्या आणि काचेला तळहात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. आमच्यात चार फुटांचे अंतर होते. दाब ढिला पडत होता. ते मला कळत होते आणि त्यांनाही कळत होते.

मित्रांनो, जुनी वस्तू जपणे म्हणजे तिला पुसून काचेमागे ठेवणे नव्हे. तिचे काम तिला करू द्या. ते काम ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेले छापण्याआधी एकदा करून पाहा.

आज सोमवार. नऊ वाजता ग्रेडनने दुकान उघडले. नऊ वाजून सहा मिनिटांनी कोलंबसहून फोन आला. तो जास्त ऐकत होता, बोलत कमी होता. “हो, दांडा मोकळा आहे,” असे म्हणाला. “नाही, अजून कुणाला लागलेलं नाही,” असे म्हणाला. मग, “बोल्ट लगेच लावतो.” नऊ वाजून वीस मिनिटे झाली आहेत. ओनिटांची बस साडेनऊला येते. बोल्ट ग्रेडनच्या उजव्या हातात आहे. डावा हात माझ्या दांड्यावर आहे.