उरलेली नजर

"सोबत कोण आहे?" नर्सने पुन्हा विचारलं.

"आहेत. खाली गाडी लावतायत," मामा म्हणाले.

मघाशीही त्यांनी हेच सांगितलं होतं. नर्सने पेनाला टोपण लावलं. "काका, एवढ्या वेळात विमान लावून होतं. सोबतीला माणूस असल्याशिवाय डॉक्टर तुम्हाला आत घेणार नाहीत. डोळ्यावर झाकण लावून एकटे घरी कसे जाणार?"

मामा हातातल्या फोनकडे बघत बसले.

पोहण्याच्या तलावावर सगळे त्यांना मामा म्हणत. तिथे ते जीवरक्षक होते. उंच खुर्चीवर बसून पाण्याकडे बघत राहायचं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. खाली माणसं काठाला धरून गप्पा मारत. वरून मामांना त्यांचे हलणारे ओठ दिसत, शब्द पोचत नसत. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. घरी गेल्यावर बायको दिवसभराचं सगळं ऐकवायची. ती गेल्यापासून मात्र घरीही काही ऐकू येईनासं झालं.

मग त्या सकाळी एक गृहस्थ डावीकडच्या कोपऱ्यात बुडाले. भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर, रोज येणारे. मामा जागे होते, पाण्याकडेच बघत होते, तरी त्यांना ते दिसले नाहीत. जवळच्या बाई ओरडल्या तेव्हा मामांनी उडी टाकली. सरांना बाहेर काढलं, पालथं केलं, पाणी काढलं. सर वाचले. पण आपल्याला ते दिसलेच कसे नाहीत, हे मामांना कळेना. मॅनेजरने त्यांना डोळे तपासायला पाठवलं.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जात राहते. डाव्या डोळ्याची तर बरीच गेलीय."

थेंब दिले, तेही मामांना जमेनात. मान मागे टाकून बाटली दाबली की थेंब गालावर. डोळ्यातला दाब काही उतरेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबलीय. मोतीबिंदूही झालाय, तो काढायचाच आहे, त्याच बारीक छेदातून आत एक नळी बसवू. पापणीच्या केसाहून आखूड असते. फार कापाकापी नाही."

"मग कडेचं दिसायला लागेल?"

"नाही. गेलं ते गेलं. उरलंय ते टिकवायचं."

मामांनी मान डोलावली. खुर्चीवर आता एक तरुण मुलगी बसत होती, आणि मामा कपड्यांच्या कपाटांच्या किल्ल्या देत होते.

लांबच्या गावी असलेल्या लेकीने फोनवर विचारलं होतं, "बाबा, रजा टाकून येऊ का?"

"कशाला? सोबत आहे की. तलावावरचा एक जण येतोय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने सोडलेला सुटकेचा श्वास मामांना स्पष्ट ऐकू आला.

आता ते फोनमधली नावं खालीवर करत होते. मॅनेजर. गॅसवाला. बायकोचा नंबर, तो अजून काढला नव्हता. आणि न उचललेले काही फोन, सगळे सरांचे. मामांनी डोळे मिटून घेतले, मग तो नंबर दाबला.

"सर, मी तलावावरचा..."

"ओळखलं. किती फोन केले तुम्हाला."

"उचलायचा धीर झाला नाही."

"बरं, आता काय झालं ते सांगा."

मामांनी सांगितलं. सरांनी फक्त हॉस्पिटल कुठलं ते विचारलं.

सर धापा टाकतच आले. नर्सने विचारलं, "लागली का गाडी?"

"कुठली गाडी? मी बसने आलो."

नर्सने मामांकडे पाहिलं. मामा भिंतीकडे बघायला लागले.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"यांनी मला पाण्यातून बाहेर काढलंय," सर म्हणाले. "त्याला काय म्हणतात ते लिहा."

बाहेर काढायला उशीर झाला होता मला, असं मामांना सांगायचं होतं. पण तोवर नर्स त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेली.

आत डोळा बधिर केला. "वर दिव्याकडे बघा, हलू नका," बाई म्हणाल्या. दिवा पसरला, डुलला, पाण्याच्या तळातून वर बघावं तसा. दुखलं नाही. डोळ्यात कुणीतरी हलकेच काहीतरी सरकवतंय, एवढंच जाणवलं. मामा श्वास रोखून पडून राहिले, इतका वेळ की बाईंनाच सांगावं लागलं, "श्वास घ्या."

दुपारी सरांनी त्यांना हाताला धरून घरी आणलं. कुलूप उघडून दिलं, गॅस कुठे विचारून चहा ठेवला. एकच कप धुतलेला होता. दुसरा सरांनी फडताळातून शोधून काढला आणि धूळ धुऊन घेतली.

"सर," मामा म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही डावीकडे होतात. मला दिसलाच नाहीत."

"पाण्याखाली मलाही कुणी दिसत नव्हतं," सर म्हणाले. "मी मॅनेजरला सांगितलंय, पायात गोळा आला, चूक माझी."

"पण चूक माझी होती."

"असेल. चहा घ्या, गार होतोय."

चहा झाला. सर उठायला लागले तेव्हा मामा म्हणाले, "घाई आहे का?"

"नाही. घरी कोण आहे माझं?"

"मग टेका जरा. ऊन उतरू दे."

सर खुर्चीत मागे रेलले. थोडा वेळ बसमधल्या गर्दीबद्दल बोलले, आणि बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला. मान छातीवर आली.

मामांना पडून राहायला सांगितलं होतं. पण त्यांनी स्टूल ओढून सरांच्या अगदी समोर घेतलं, आणि झाकण नसलेल्या एका डोळ्याने त्यांच्या छातीकडे बघत बसले. छाती वर गेली, खाली आली. थोडी थांबली. मामा पुढे वाकले. मग ती पुन्हा वर गेली. खिडकीतलं ऊन उतरलं, तरी मामा उठले नाहीत.