कच्चा हात

हवाबीने हिरूचे दोन्ही गुडघे वर उचलले, टाचा चटईवर शेजारी शेजारी टेकवल्या आणि मागे सरकून, मान खाली घालून गुडघ्यांच्या रेषेत पाहिलं. डावा गुडघा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. तिने टाचा पुन्हा जुळवून पाहिल्या. फरक तेवढाच राहिला.

"दुखतं का गं?"

"लय चाललं का दुखतं. एरवी नाय," हिरू म्हणाली.

माजघराचं दार आतून लावलेलं होतं. हिरूच्या उशाशी तिची आई मैना बसली होती, आणि बाहेर पडवीत सोनुबाई, हिरूची होणारी सासू. होणारी की न होणारी, ते आता हवाबीच्या तोंडून ठरायचं होतं. सुपारी फुटून पंधरा दिवस झाले होते, माघातली तिथी धरली होती. मग परवा सोनुबाई कशेळ्याहून भिवपुरीला व्याह्यांकडे आली आणि ओढ्यावरून दोन हंडे घेऊन येणारी हिरू तिने पाठीमागून पाहिली. पावलागणिक पोरगी डावीकडे कलत होती.

चार वर्षांची असताना माळ्यावरून पडली, असं मैनेने सांगितलं. पण सोनुबाईच्या माहेरी एक सून अशीच कलत आली होती आणि तिच्या दोन्ही लेकी तशाच कलत वाढल्या होत्या. या बाबतीत ती कोणाच्या सांगण्यावर विसंबणार नव्हती. पडून झालेलं असेल तर लग्न होईल, जन्माचं असेल तर सुपारी परत, असं तिने तोंडावर सांगितलं आणि मायलेकींना एस.टी.त बसवून थेट लोधिवलीला आणलं.

हवाबीवर मात्र तिचा विश्वास होता. धाकट्याच्या बाळंतपणानंतर सोनुबाईची कंबर अशी धरली होती की तिला मांडी घालून बसता येईना. हवाबीने तिला सात दिवसांत हिंडती-फिरती केली. कर्जत-खालापूरच्या कितीतरी बायका कंबरेचं, खुब्याचं दुखणं पुरुष वैद्याला दाखवायला लाजत आणि अंगावर काढत. त्यांना हवाबीचं दार होतं. हा हुन्नर तिच्या बापाचा, आणि बाप गेल्यावर गेली अठरा वर्षं तिचा. सांध्याबद्दल ती खोटं बोलत नाही, अशी तिची ख्याती होती, आणि ती खरी होती.

तिने हाताला कोमट तेल चोळलं. हिरूला पालथं झोपवून मांड्यांच्या मागच्या वळ्या पाहिल्या; डावीकडची वळी वर चढली होती. उताणं करून डावी मांडी बाहेरच्या बाजूला उघडायला गेली, तर ती अर्ध्यावर अडली. मग तिने बोटं जांघेत रोवली आणि दुसऱ्या हाताने पाय सावकाश फिरवला. हाडाचा गोळा जिथे बोटांना लागायला हवा तिथे काहीच नव्हतं. तो वर, मागे, मांसात जाऊन बसला होता. शेवटी तिने हिरूला एकट्या डाव्या पायावर उभं केलं, तेव्हा पोरीची उजवी कंबर खाली लटकली.

पडून निसटलेले खुबे हवाबीने पुष्कळ पाहिले होते. त्यांत पाय वळलेला असतो, जुन्या माराची गाठ हाताला लागते. इथे तसलं काही नव्हतं. हा गोळा त्याच्या वाटीत कधी बसलाच नव्हता.

"माळ्यावरून पडलेली नाय ही," बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली.

मैनेने पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मग सगळं सांगून टाकलं. बाराव्या दिवशीच सुईण म्हणाली होती की मालिश करताना पोरीचा पाय खुटकन वाजतो. पण पहिलीच मुलगी, त्यात सासूचा धाक. कोणाला दाखवायची छाती झाली नाही. पोर चालायला लागली तेव्हा ती माळ्याची गोष्ट रचावी लागली, आणि इतक्या वेळा सांगितली की हिरूलाही तीच खरी वाटत आली होती.

हिरू आईकडे पाहत राहिली. तिला हे आज कळत होतं. लुगडं सारखं करत तिने हवाबीला एवढंच विचारलं, की आता बसेल का.

खोटा धीर देणं हवाबीला जमत नसे. नाही, ती म्हणाली. मग ती मैनेकडे वळली. सहा महिन्यांच्या आत आणलं असतंस, तर मांड्यांमध्ये जाड फडक्याची घडी बांधून, पाय फाकलेले ठेवून तीन-चार महिन्यांत बसला असता. आता ओढायला गेलं तर आहे तेही जायचं.

"आन् माज्या पोरांना?"

"व्हईल, नाय तर नाय बी व्हायचं. पन झालं तर पयल्या महिन्यातच हाताला कळतं. माज्याकडं आण. मंग घाबरायचं नाय."

हिरूने मान हलवली. पदूला, नवऱ्या मुलाला, माहीत आहे, ती म्हणाली. कशेळ्याच्या बाजारात त्याने तिला चालताना पाहिलं होतं आणि त्यानंतरच मागणी घातली होती. आपल्या आईला मात्र त्याने मुद्दाम सांगितलं नव्हतं. याआधी दोन स्थळं मोडली होती आणि तिला तेविसावं लागलं होतं.

हवाबी फडक्याने हात पुसत राहिली. तेल केव्हाच निघालं होतं. मैनेचा तिला फार राग आला होता. एका फडक्याच्या घडीने जे निभावलं असतं ते या बाईने बावीस वर्षं झाकून ठेवलं, आणि आता भोगायचं पोरीने. पण राग करून पोरीचं काय होणार होतं? नुसतं पडली म्हटलं, तर तेव्हा कोणाला दाखवली, त्याने का नाही बसवला, असं सोनुबाई विचारत गेली असती आणि माळ्याची गोष्ट दोन दिवसांत फुटली असती. तिने फडकं खाली ठेवलं, कडी काढली आणि पडवीत आली.

"सोनुबाई, पोरीच्या रक्तात दोष नाय. माळ्यावरून पडली तवा हिला माज्याकडंच आणली होती. आब्बा नुकते गेले होते, माजा हात कच्चा. सांधा बसवाया गेले न् पार बिघडवला. कोनाला सांगू नको म्हणून हिच्या आईला मीच आण घातली होती."

मैना दारात आली होती. तिने चौकट धरून मान खाली घातली.

सोनुबाईने हवाबीच्या हातांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने गावातल्या किती बायका या दाराशी पाठवल्या असतील, याला गणती नव्हती. आज पहिल्यांदाच ती हवाबीशी एकेरीवर आली.

"लगीन व्हईल. मी शब्द दिलाय. पन आमच्या घरचं मानूस तुज्या पायरीला परत लागनार नाय. माज्या नातवंडाला तर तुजं बोट लावू द्यायची नाय मी. दहा गावांत सांगीन."

दहा गावांत ती सांगेल, हे हवाबीने दार उघडतानाच धरलं होतं. नातवंडांचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. हिरूचं पोर आता तिच्या हाताखाली येणार नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं, तर मैनेच्या खांद्याआडून हिरू तिच्याचकडे बघत होती, आणि पोरीलाही ते कळलं होतं.

गाडीला अजून अवकाश होता. पोरीच्या अंगाला तेल आहे, पुसून देते, असं म्हणून हवाबीने हिरूला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. मग तिच्यासमोर बसून तिने आपल्या दोन्ही मुठी घट्ट मिटल्या आणि एकमेकींना जोडून पुढे धरल्या.

"हे लेकराचे गुडघे समज. उतानं निजवायचं, गुडघे दुमडायचे. धर. आंगठा आतून, मधलं बोट भाईरून. जोर नाय लावायचा. आता सावकाश उघड."

हिरूने मुठी उघडायला घेतल्या. अर्ध्यावर हवाबीने एक मनगट किंचित हिसकलं.

"कळलं?"

"नाय."

"परत कर. बाराव्या दिसापासून रोज करायचं. मालिश दुसऱ्या कोनाला करू द्यायची नाय, तूच करायची. हिसका लागला का घडी बांधायची आन् पोर कडेवर घ्यायचं, पाय फाकवून. आब्बांनी मला शिकवलं, मी माज्या लेकीला, बिलकिसला. घराभाईर हे कोनाला सांगितलेलं नाय."

हिरूने पुन्हा केलं, आणि पुन्हा. तिचे हात चिखलात लावणी करून जाड झालेले होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. हवाबी चिडली नाही. ती दर वेळी पुन्हा मुठी जोडत होती.

"सूनबाई, चल गं," बाहेरून सोनुबाईची हाक आली. "गाडी दिसतीय."

हिरूने हात सोडले नाहीत. तिने डोळे मिटले. मुठी हळूहळू, अगदी हळूहळू दोन्हीकडे उघडत नेल्या. हवाबीने या वेळी दुसरंच मनगट हलवलं, तेही इतकं थोडं की बघणाऱ्याला दिसलं नसतं.

हिरूचं बोट जागीच थांबलं.

"उजवा," ती म्हणाली.