नोंदवहीत नाव नसलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. वयाने नव्वद वर्षांची, कागदाने दोन वर्षांची. हे कोडं नाही. माझ्या लेखकाने मला दूरच्या एका भाषेत लिहिलं. छापखान्याच्या मालकाने मला वाचलं, दाराला कडी लावून पुन्हा वाचलं आणि खणात घालून वर कुलूप ठोकलं. पुढे मालक गेला, लेखक गेला, कुलूपही गंजलं. मालकाच्या नातीने जुनं टेबल मोडीत काढलं तेव्हा मी बाहेर पडले. मग एका बाईंनी मला तुमच्या भाषेत आणलं. पाचशे प्रती निघाल्या, संपल्या, आणि प्रकाशकाने कानाला खडा लावला. मी त्यातली एक.

माझी गोष्ट साधी आहे. एक घड्याळजी, एक नावाडी. दोघे पुरुष, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम. एवढंच. नदी, भांडणं, सर्दीखोकला हे इतर कादंबऱ्यांत असतं तसं माझ्यातही आहे. पण लोकांना ते 'एवढंच' तेवढं दिसतं.

वाचनालयात ग्रंथपाल बाईंनी मला कादंबऱ्यांच्या फळीवर ठेवलं. आठवड्याभरात कोणीतरी मला उचलून आरोग्यात नेऊन ठेवलं. तिथून मी मानसशास्त्रात गेले, मग प्रवासवर्णनात, आणि एकदा तर चक्क कायद्यात. बाई दर सोमवारी मला शोधून जागेवर आणत. "हिच्या पायाला भिंगरी आहे बाई," असं म्हणत. मला पाय नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं.

मला वाचत मात्र सगळे होते. पण उभ्याने, दोन कपाटांच्या मधे. कारण घरी न्यायचं तर काउंटरवरच्या उघड्या नोंदवहीत पुस्तकाचं नाव आणि त्यापुढे आपलं नाव लिहावं लागे, आणि ती वही येणारा जाणारा प्रत्येक जण मोठ्या आवडीने वाचत असे. खरं सांगायचं तर त्या वाचनालयातलं सर्वांत लोकप्रिय पुस्तक तेच होतं.

उभ्याने वाचणाऱ्यांनी अभिप्राय दिले, ते माझ्या समासात, पेन्सिलीने, बिनसहीचे. एकाने पहिल्याच पानावर लिहिलं, 'अश्लील! पान ७४ पाहा.' त्या दिवसापासून पान चौऱ्याहत्तरची अवस्था बघवत नाही. तिथे नावाड्याच्या कोटाचं बटण तुटतं आणि घड्याळजी ते लावून देतो. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात आहे, 'कुठे?' त्याखाली तिसऱ्या, 'मीही शोधतोय.' आणखी कोणी लिहिलं, 'आमच्या काळी असलं काही नव्हतं.' त्यावर एकाने बाण काढून दाखवलं, 'पुस्तक तुमच्या काळाच्याही आधीचं आहे.' शेवटच्या पानावर मात्र बारीक अक्षरात एकच ओळ आहे: 'आईला हे वाचायला देता आलं असतं तर.'

समोरच्या औषधांच्या दुकानातला कंपाउंडर रोज दुपारच्या सुट्टीत यायचा. पन्नाशीचा, मान खाली घालून चालणारा माणूस. 'गुलाबाची लागवड' या जाडजूड पुस्तकाच्या पोटात मला घालून तो दहा पानं वाचायचा, आणि वाचताना त्याचे ओठ हलायचे. हे पाठांतर कशासाठी, ते मला पुढे कळलं. तो एका टेलरबरोबर बावीस वर्षं एकाच खोलीत राहत होता. टेलरची नजर मोतीबिंदूने अधू झाली होती. दुपारी वाचलेली दहा पानं हा संध्याकाळी त्याला तोंडी सांगे. खोलीचे मालक म्हणजे वाचनालयाचे चिटणीस. त्यांना सांगितलं होतं, आम्ही मावसभाऊ.

एकदा चिटणिसांनी त्याला कपाटांमधे गाठलंच.

"काय हो, गुलाब कसे आहेत?"

"काटे फार आहेत, साहेब."

"गच्चीत कुंड्या ठेवू नका म्हणजे झालं. छत गळतं."

वाचनालयाचा एक नियम होता. दोन वर्षांत ज्या पुस्तकापुढे एकही सही नाही, ते बाद. रविवारी समितीची बैठक, सोमवारी रद्दीवाला. माझी पानं खिळखिळी झाली होती, कोपरे झिजले होते. पण नोंदवहीत मी कोरी. चिटणीस मला चाळून म्हणाले, "वाचक एक नाही आणि दशा ही! उंदीर झालेत."

बाई म्हणाल्या, "हो, पेन्सिलवाले."

कर्मचाऱ्यांची सही धरत नसत, त्यामुळे बाईंचे हात बांधलेले. शुक्रवारी दुपारी त्या कपाटांपाशी उभ्या राहिल्या आणि छताकडे बघून मोठ्याने बोलल्या, "ज्याला जे घरी न्यायचंय ते उद्यापर्यंत न्यावं. मग माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत." कंपाउंडर एकशे साठाव्या पानावर होता. माझी ऐंशी पानं राहिली होती.

शनिवारी चिटणीस काउंटरशेजारीच वर्तमानपत्र घेऊन बसले होते. कंपाउंडर दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आला तो थेट आत, आणि मला टेबलावर ठेवलं, गुलाबाशिवाय. डॉक्टरांची अक्षरं क्षणात लावणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं नाव लिहायला दोन मिनिटं लागली. वर्तमानपत्र हललं नाही. तसं ते फारच स्थिर होतं.

रविवारी मी प्रथमच बसलेल्या माणसाच्या हातात होते. टेलर म्हणाला, "पहिल्यापासून वाच. तुझं सांगणं म्हणजे काजं बटणं नसलेला सदरा." बटणाच्या पानावर त्याने थांबवलं. "दोरा बुडाशी गुंडाळला का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग आठ दिवसांत तुटणार. लेखकाला शिवण येत नव्हतं."

पुढे नावाडी लग्न करायला दुसऱ्या गावी निघून जातो, तो भाग आला. कंपाउंडरने तो भरभर वाचून टाकला.

"हे तू सांगितलं नव्हतंस," टेलर म्हणाला. "तू म्हणालास, बाजारला गेला तीन दिवस."

"हं."

"का?"

"तूही गेला होतास ना. मधे दीड वर्ष. उगाच कशाला..."

टेलरने चाचपून पानावर हात ठेवला. मग टेलर म्हणाला, "मी गेलो होतो. त्या बिचाऱ्या नावाड्याला कशाला बाजारला पाठवतोस? वाच, होतं तसं."

नावाडी परत येतो तो दोनशे एकतिसाव्या पानावर. ते पान मी त्या आठवड्यात चार वेळा ऐकवलं.

आठव्या दिवशी कंपाउंडर मला घेऊन गेला. काउंटरवर चिटणीस एकटेच नव्हते. दोन सभासद मागे उभे होते.

"कसं वाटलं?" चिटणिसांनी विचारलं.

"आम्ही दोघांनी वाचलं. त्याला शेवट पुन्हा ऐकायचाय. मुदत वाढवून द्या."

"मावसभाऊंना?"

कंपाउंडरने मान वर केली. "तो माझा मावसभाऊ नाही, साहेब."

चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, घातला. नोंदवही त्याच्यापुढे सरकवली. "इथे पुन्हा सही करा," म्हणाले. खोलीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्याला आज सहा दिवस झाले. जिन्यावर पाऊल वाजलं की वाचणारा थांबतो, चाचपत शिवणारा थांबतो आणि माझीही पानं आपोआप मिटतात. पाऊल कधी वरच्या मजल्यावर जातं, कधी खाली. अजून दारावर थाप पडलेली नाही. काल टेलर म्हणाला, "मालक आला तर येऊ दे. बसवू त्यालाही. तू वाचत राहा."

तेव्हा मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे सगळं ठीकच. पण जे आवडीने वाचता, ते बसून वाचा आणि वहीत नाव लिहा. माझ्यापुढे सध्या एकच नाव आहे, दोनदा. एकटं नाव फार उठून दिसतं हो. त्याच्याखाली आणखी चार आली की ती नुसती यादी होते.