डोंगराचा कोरा खांदा

टॉरक्विलचं चित्र दोन वर्षं एका उजेडासाठी अडलं होतं. पाऊस ओसरताना ढगांखालून तिरपं ऊन येतं आणि आमच्या डोंगराच्या खांद्यावर घटकाभर टेकतं, तेवढंच रंगवायचं राहिलं होतं. आणि त्याची नजर चालली होती. जवळचं नजरेच्या कडेनं तेवढं दिसायचं, लांबचा डोंगर म्हणजे नुसता डाग.

तो उजेड आला, तो नेमका रविवारी.

आमच्या बेटावर रविवार देवाचा, कामाला हात लावायचा नाही; धुणंसुद्धा वाळत घालत नाहीत, सूपही शनिवारीच शिजवून ठेवायचं. टॉरक्विल तसा चर्चची पायरी चढणारा नव्हे. पण रविवारी ब्रश धरणार नाही, असा शब्द त्याने पेगीला, त्याच्या बायकोला, ती मरताना दिला होता. मी शेजारीण, विधवा होऊन बारा वर्षं झालेली. चर्चहून परत येते तर हा दाराबाहेर मांडीवर हात ठेवून बसलेला.

"मर्डिना, आलाय ना गं तो?"

"आलाय."

"मग बस इथे. बघायला काही पाप लागत नाही. नीट बघून ठेव आणि उद्या मला सांग. एरवी गावभर चालते ती जीभ, एकदा कामाला येऊ दे."

"मेल्या, आजच्या दिवशी तरी गोड बोल," म्हणत मी बसले.

दहा मिनिटं असतील. बारा वर्षांत माझ्या शेजारी असं कुणी बसलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने रंग काढले.

"बोल. काय रंग होता?"

"पिवळा."

"कसला पिवळा? वाळल्या गवतासारखा?"

"लोण्यासारखा."

"आणि सावली? वर सरकली की खाली?"

मला आठवत होते त्याच्या कानामागचे पांढरे केस, स्वेटरच्या कोपरावरचं पेगीने केलेलं रफू, ब्रश नसतानाही मांडीवर हलणारा अंगठा. एकटेपणाने माणूस फार हावरट होतं.

"तू डोंगराकडे बघितलंसच नाही."

"नाही."

"मग बघत काय होतीस, बये?"

चहा ठेवते म्हणून उठले. त्याने एकेक ब्रश पुसून डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

त्या हिवाळ्यात टॉरक्विल गेला. चित्र माझ्याकडे आहे, खांदा कोराच. मार्चमध्ये तो उजेड पुन्हा आला. मी त्याच्या दाराबाहेर एकटीच बसले आणि डोंगराकडे नीट बघितलं. सावली खालून वर सरकते. रंग लोण्यासारखा नाहीच.