पाठीमागची लाल आणि काळी

मी डावा स्पीकर बोलतोय. हो हो, तोच, ज्याच्या डोक्यावर तुम्ही चष्मा ठेवता आणि घरभर शोधता.

मी आणि उजवा एकाच कारखान्यात जन्मलो, एकाच खोक्यातून आलो. तरी तो थोरलेपणाचा तोरा मिरवतो. मिरवू दे बापडा. शाळेचं तोंड दोघांनीही पाहिलेलं नाही, पण गाणं म्हणाल तर पोटभर झालंय.

आमचा मालक पियानो सुरात लावणारा म्हातारा. दात गेले, केस गेले, पण कान असा तिखट की शेजारच्या दाराची बिजागरी कुठल्या सुरात कुरकुरते तेही सांगेल. रोज संध्याकाळी आमच्यासमोर खुर्ची टाकून एक तरी रेकॉर्ड ऐकणार.

मागच्या आठवड्यात भिंतींना रंग दिला. जावईबापूंनी आमच्या वायरी काढल्या, रंग वाळल्यावर परत खोचल्या. "वायर ती वायर, त्यात काय एवढं!" असं म्हणत माझी लाल वायर काळीच्या जागी आणि काळी लालच्या जागी खोचली. उजव्याच्या मात्र बरोबर. झालं! उजवा हवा पुढे ढकलायचा तेव्हा मी मागे ओढायचो. या ओढाताणीत खर्ज पार विरून गेला. रेकॉर्डमधली, आम्हा दोघांच्या मधोमध उभी राहून गाणारी बाई कुठे पांगली, पत्ता नाही.

"आवाज पोकळ येतोय," म्हातारा म्हणाला.

जावईबापूंनी बॅलन्सचं बटण उजवीकडे फिरवलं. उजवा ठणठणीत. डावीकडे फिरवलं. मीही ठणठणीत. एकेकटे आम्ही भारी गुणी हो!

"बघा, स्पीकर झकास आहेत."

"मग माझेच कान गेले," म्हातारा हळूच म्हणाला. ज्या हॉलमधला पियानो तो लावतो, तिथल्या मॅनेजरला त्याने फोन केला. "सोमवारी पियानोला दुसरा माणूस बघा. मी काम सोडलं." मग पियानोच्या तारा पिळायची किल्ली फडक्यात गुंडाळून कपाटात टाकली. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आमचं तोंड दुसऱ्याच्या गाण्याला बांधलेलं!

दोन दिवसांनी लेक परगावच्या कामावरून परतली. ती लिफ्ट दुरुस्त करते, वायरींशी तिचं चांगलं जमतं.

"कान गेले? दोन्ही? एकाच रंगकामात?"

"चेष्टा करू नकोस गं."

तिने आमच्या जाळ्या काढल्या, ॲम्प्लिफायरकडची वायरींची टोकं सोडवली आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. लाल टोक सेलच्या अधिक बाजूला, काळं दुसऱ्या बाजूला. टेकवल्याबरोबर उजव्याने पोट पुढे काढलं. माझी पाळी आली. मी पोट आत घेतलं. खोटं बोलणं आपल्याला जमत नाही.

"अहो, याच्या वायरी कुणी जोडल्या?"

जावईबापू छताचा रंग निरखू लागले.

तिने माझ्या वायरींची अदलाबदल केली, बाकीच्या जागच्या जागी लावल्या. रेकॉर्ड सुरू झाली. खर्ज दणकला, बाई मधोमध येऊन उभी राहिली. म्हातारा डोळे मिटून बसला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघताहेत, मीसुद्धा.

"थांबवा," तो म्हणाला. "तबकडी किंचित हळू फिरतेय."

कुणालाच तसं वाटलं नव्हतं. लेकीने मोजून पाहिलं. खरंच हळू होती!

म्हाताऱ्याने तिथल्या तिथे हॉलला फोन केला. "सोमवारी मीच येतोय. दुसऱ्याला हातसुद्धा लावू देऊ नका."

तर मंडळी, आज सोमवार. म्हातारा कामावर गेलाय आणि मी निवांत बसलोय. एवढंच मागणं, आवाज बिघडला तर माणसाला म्हातारा ठरवण्याआधी जरा वाका आणि आमच्या पाठीमागे बघून घ्या.