तुरटी, मोहफूल आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी फवाऱ्याची बाटली आहे आणि स्वस्थ उभं राहणं मला कधी जमलंच नाही. माझ्या मानेत एक स्प्रिंग आहे. दांडी दाबली की ती आत जाते, सोडली की उसळून वर येते. दाबणारं कोणी नसलं तरी ती आतल्या आत चुळबुळत असते. आत्ताही माझं तेच चाललं आहे. तेव्हा गोष्ट जरा घाईत सांगितली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. गावाचं नाव विचारू नका. शंभर बहिणींबरोबर खोक्यात कोंबलेलं असताना गावाची पाटी कोणाला दिसते? खोकं उघडलं ते साकोलीला, राजकुमारच्या केशकर्तनालयात. तिथले माझे दिवस मोठे झकास गेले. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की राजकुमार मला उचलायचा आणि डोक्यावर पाण्याचा फवारा मारायचा. "हे बाटली म्हणजे माहा उजवा हात हाय," असं तो येईल त्याला सांगायचा आणि मी फुगून जायची. पण तीन-चार वर्षांनी माझ्या तोंडाशी क्षार साचले. फवारा वाकडा उडू लागला आणि गिऱ्हाइकांच्या कानात पाणी जाऊ लागलं. मग काय, नवी लाल बाटली आली आणि हा उजवा हात दाढीला आलेल्या नत्थूच्या पिशवीत गेला.

नत्थू जवळच्याच खेड्यातला धानाचा शेतकरी. वांग्याच्या रोपांना पाणी मारायला म्हणून त्यानं मला घरी नेलं, खिडकीत ठेवलं आणि साफ विसरला. सात महिने! माझ्यासारख्या अस्वस्थ जिवाला ही शिक्षाच होती. कोळ्यानं माझ्या मानेभोवती जाळं विणलं, तेसुद्धा मला झटकता येईना.

मला तिथून सोडवलं रुपानं. रुपा ही नत्थूची थोरली मुलगी. बारावी झाल्यावर ती साकोलीत कृष्णरावांच्या साडीच्या दुकानात लागली होती. पहिला महिना नुसता पारखण्याचा होता. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर घरी. आणि नत्थूनं बजावलं होतं, "नोकरी टिकली तं कॉलेजचा फॉर्म भर. नाही टिकली तं स्थळं पाहू." तेव्हा रुपाचा सगळा जीव त्या एका महिन्यात अडकला होता.

त्यात मे महिना. गावापासून हायवेपर्यंत सायकल, पुढे खचाखच भरलेली एस.टी. दुकानात पोचेपर्यंत पोर घामानं निथळायची. एके दिवशी तिच्याबरोबर काम करणारी उर्वशी सगळ्यांसमोर म्हणाली, "रुपा, थोडी तिकडे सरक वो. वास येऊन राहिला." रुपा त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. बाजारातला सुगंधी फवारा तिनं आधीच करून पाहिला होता, पण त्यानं काखेत पुरळ उठलं होतं.

तिच्या धाकट्या बहिणीनं, गुड्डीनं, मोबाइलमध्ये उपाय शोधला. तुरटीची पूड, उकळून गार केलेलं पाणी, थोडं गुलाबपाणी आणि आवडत्या फुलांचं तेल. झालं, घरचा फवारा तयार! रुपानं मला खिडकीतून काढलं, लिंबाच्या रसात रात्रभर बुडवलं, माझ्या तोंडातले क्षार टाचणीनं कोरून काढले. पहिला सरळ फवारा उडाला तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू!

पण फुलांचं तेल आणायचं कुठून? रुपाची आई उषाबाई म्हणाली, "तेल कायले पायजे? घरात डबाभर मोहफूल हाय ना. केवढा गोड वास असते त्याचा!"

तिचंही चुकलं कसं म्हणायचं? या भागात चैत्रात मोहफुलं वेचायची, अंगणात वाळवायची आणि डबे भरून ठेवायची, ही घरोघरची रीत. त्याचे लाडू होतात, बैलांनाही ती शिजवून घालतात. त्या घराच्या नाकाला मोहाचा वास म्हणजे घराचाच वास झाला होता. रुपानं मूठभर फुलं भिजवली आणि ते पाणी न उकळता, नुसतं गाळून माझ्यात ओतलं. वर गुड्डीनं तुरटी चिमूटभरच टाकली. "जास्त टाकशील तं झोंबन," म्हणाली.

दोन दिवस मी मोठ्या दिमाखात काम केलं. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून माझ्या पोटात गुडगुडायला लागलं. पत्र्याच्या छपराखाली ते गोड पाणी आंबलं होतं. बुडबुडे उठत होते, अंग ताठलं होतं. रुपाच्या पिशवीत हिंदकळत मी साकोलीला निघाले आणि वाटभर तळमळत होते. रुपा, आज मला दाबू नको! पण आम्हा बाटल्यांचं ऐकतो कोण?

त्याच दिवशी दुकानात लग्नाचा मोठा बस्ता होता. नवरीचे वडील पुंडलिकराव, त्यांची म्हातारी आई शकुंतलाबाई आणि दहा-बारा माणसं गादीवर बसली होती. रुपानं घाईघाईत मागच्या खोलीत जाऊन चार फवारे मारले, मला पिशवीत कोंबलं, पिशवी खांद्याला तशीच ठेवून ती बाहेर आली आणि शालू खांद्यावर टाकून दाखवू लागली.

पुंडलिकरावांनी नाक वर केलं. "कृष्णराव, हे पोरगी मोहाची मारून आली काय?"

कृष्णराव ताडकन उठले. "रुपा! पेऊन आली काय तू? शालू ठेव खाली. घरी जाय, उद्यापासून येऊ नको."

"नाही काका, मायची शपथ! म्या फवारा मारला, हे पहा..." रुपानं पिशवीतून मला बाहेर काढलं. माझी स्थिती तर काही विचारू नका. तिनं टोपण सैल करताच फस्सकन फेस उडाला आणि मोहाच्या दारूचा वास दुकानभर पसरला.

"घ्या, बाटलीच सापडली!" मागून कोणीतरी म्हणालं.

मित्रांनो, राजकुमारच्या दुकानातून टाकून दिलं तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. जिनं मला खिडकीतून सोडवलं, तिच्यावरच माझ्यामुळे आळ आला होता. पोरगी दारू पिते ही बातमी रुपाच्या आधी गावात पोचली असती, आणि मग कसलं कॉलेज!

तेवढ्यात शकुंतलाबाईंनी हात पुढे केला. माझा फेस बोटावर घेऊन त्यांनी जिभेला लावला आणि तोंड असं काही वाकडं केलं की सगळे बघत राहिले.

"पुंडलिक, याच्यात तुरटी हाय रे! तोंड सारं ओढून आलं माहं. तुरटी टाकून दारू पेते काय कोणी? तुह्या बापानं जिंदगीभर पेली, त्यानं टाकली काय कधी?"

गादीवर हशा पिकला. पुंडलिकराव खाली पाहू लागले. म्हातारीनं रुपाला जवळ बसवलं. "कायले केलं वो हे?"

"आजी, मले लय घाम येते," रुपाला रडू आवरेना. "वास येते म्हणून लोक दूर सरकते."

उर्वशी साडीची घडी घालता घालता थांबली.

"घाम तं मलेही येऊन राहिला, हे पाय!" शकुंतलाबाई म्हणाल्या. "अवो, मोहफूल तीन दिवस पाण्यात राहिलं तं त्याची दारूच होते. किराणा दुकानातून वाळ्याच्या कोऱ्या मुळ्या घे, उकळ, त्याचं पाणी टाक. आन् चार दिवसांवर ठेवू नको. कृष्णराव, शालू आम्हाले हेच पोरगी दाखवन."

कृष्णरावांनी माफी मागितली नाही. फक्त संध्याकाळी म्हणाले, "उद्या टायमावर ये." महिना भरला, रुपा कायम झाली आणि नत्थूनं मुकाट्यानं कॉलेजचा फॉर्म आणून दिला.

आणि एके सकाळी उर्वशीनं गुलाबपाण्याची रिकामी बाटली रुपापुढे ठेवली. "मलेही भरून देशील? मलेही येते वो घाम. म्या तुले तसं म्हणायले नव्हतं पायजे." रुपानं मला उचललं आणि माझ्यातलं अर्धं पाणी त्या बाटलीत ओतलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण कुठेतरी पडली असेल. तिला टाकू नका. गरम पाण्यानं धुवा, थोडंच भरा, शिळं झालं की ओतून द्या. आणि कोणाच्या अंगाला वास येत असेल तर चारचौघांत नाक मुरडू नका, बाजूला घेऊन हळूच सांगा. बरं, आता मला थांबता येणार नाही. रुपानं वाळ्याचं ताजं पाणी भरलं आहे, बस यायची वेळ झाली आहे, आणि तिकडे दुकानात उर्वशी आमची वाट पाहत असेल.