धाकटीचं वजन

सुट्ट्यांचे दिवस म्हणजे बेकरीत काम करणाऱ्यांचा जीव काढणारे दिवस. धाकटी सकाळपासून उभ्याने केकवर क्रीमची फुलं काढायची आणि क्रीमचं बोटही चाटायचं नाही, असा तिला दंडक होता. दंडक डॉक्टरीणबाईंचा. दादाचं लिव्हर पार निकामी झालेलं, घरात जुळलं ते एकट्या धाकटीचं, आणि तेही मेलं चरबीने भरलेलं निघालं! "चार किलो उतरवा," बाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे तुमच्या लिव्हरचा तुकडा काढून त्यांना लावता येईल. पण लवकर. त्यांच्याकडे फार वेळ नाही."

आता सांगा, सुट्टीत कोणाचं वजन उतरतं? घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं. मावशी ताट पुढे सरकवत म्हणायची, "एवढ्याशाने काय होतंय गं?" काका म्हणायचे, "आधी अर्धी होऊ दे तिला, मग उरलेली अर्धी दादाला देईल!" सगळे खो खो हसायचे. धाकटीही हसायची आणि उकडलेल्या भाज्या मुकाट्याने गिळायची.

खरं दुखणं वेगळंच होतं. ऑपरेशनच्या नुसत्या विचाराने ती रात्र रात्र जागी राहायची. आपण त्या टेबलावरून उठलोच नाही तर? नवरा आधीच गेलेला. पोरीची वेणी घालताना तिचा हात मध्येच थांबायचा आणि पोर ओरडायची, "आई, घाल ना!" काटा जसजसा खाली येई, तसतशी धाकटीची घाबरगुंडी वाढत जाई. वजन उतरलं की सुटका नव्हती ना!

आणि एका दुपारी तिने घात केला. बेकरीच्या कोठीत केकच्या कापलेल्या कडा पडल्या होत्या. चाखल्या म्हणाल तर नाही, दार लावून हादडल्या. हादडताना मनात आलं, नाही उतरलं वजन तर कोण काय बोलणार? म्हणतील, प्रयत्न तर केला बिचारीने. हा विचार आपल्याच डोक्यात आला हे कळलं, तेव्हा तिने हातातला तुकडा खाली टाकला. त्या दिवशी ती स्वतःलाच घाबरली.

वजन करायच्या आदल्या दिवशी दादाने तिला खोलीत बोलावलं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, पाय सुजलेले. त्याने दार लावायला सांगितलं आणि पलंगाखालून बशी काढली. बशीत केकचे दोन जाडजूड तुकडे.

"खा."

"दादा, उद्या वजन आहे."

"म्हणून तर आणलाय. खा गं. वजन नाही उतरलं तर तुला कोणी नावं ठेवणार नाही. प्रयत्न केलास तू. तुझ्या वहिनीलाही पटेल."

धाकटीच्या मनातलं जसंच्या तसं त्याच्या तोंडून बाहेर पडत होतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? साधी सुई टोचायची म्हटली तरी पलंगाखाली दडून बसायचीस तू. तुझं तोंड मला वाचता येतं. तुला काही झालं तर पोरीला कोण बघणार?"

"आणि तू मेलास तर?"

ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरची बडबड एकदम थांबली. हा शब्द त्या घरात आजवर कोणी उच्चारला नव्हता. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मला भीती वाटते रे. फार वाटते. कोठीत चोरून खाल्लंसुद्धा मी. पण तू नसलास तर मी घाबरले हे सांगायचं कोणाला?"

"मलाही वाटते," दादा पुटपुटला. मग त्याने बशी तिच्यापासून लांब सरकवली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काट्याने तिचा कोठीतला तो एक दिवस पोटात घातला. वजन उतरलं होतं, तपासणीत चरबीही कमी दिसली. वहिनीने डॉक्टरीणबाईंना हात जोडले आणि धाकटीला मिठी मारून ती रडायला लागली. धाकटी मात्र भिंत धरून उभी राहिली.

"तारीख कधीची घ्यायची?" बाईंनी विचारलं. "सुट्ट्या संपल्यावर चालेल?"

"सगळ्यात जवळची द्या," धाकटी म्हणाली. "जास्त दिवस दिलेत तर मी पळून जाईन."

बाईंना वाटलं, पेशंटची बहीण मोठी गमतीदार आहे. त्या हसल्या, वहिनीही रडता रडता हसली. शेजारी बसलेला दादा हसला नाही. त्याने धाकटीचं मनगट घट्ट धरलं आणि घरी पोहोचेपर्यंत सोडलं नाही.